महाडच्या वाटेवर गाडीचे नाक साफ केले तेव्हा

मुंबईहून महाड सुमारे पावणेदोनशे किलोमीटर. पनवेल, पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड, इंदापूर, माणगाव, लोणेरे, दासगाव अशी गावे मागे टाकत गेले की सावित्रीच्या काठी वसलेले महाड येते. २० मार्चला आणि २५ डिसेंबरला या रस्त्याला निळ्या झेंड्यांच्या गाड्यांची रीघ लागते. त्या दिवशीची गर्दी डोळ्यांत साठवण्यासारखी असते हे खरे. पण घरातल्या वृद्ध माणसांना, गुडघे दुखणाऱ्या मावश्यांना न्यायचे असेल तर मधल्या एखाद्या दिवशी जावे, असे आमचे मत आहे. तळ्याच्या काठी निवांत बसायला मिळते आणि म्हाताऱ्या माणसाला धक्काबुक्की सोसावी लागत नाही.

आम्ही गेलो ते २०२३ च्या फेब्रुवारीत. आम्ही म्हणजे एकाच चाळीतली सात माणसे. गाडी शेजारच्या भाऊंची. सात आसनी, डिझेलची, कर्जावर घेतलेली. भाऊ तिच्यावरच पोट भरतात; लग्नाची, विमानतळाची, शिर्डीची, मिळतील ती भाडी करतात. सोबत वहिनी, त्यांची मुलगी, ब्याऐंशी वर्षांच्या आजी आणि आम्ही बाकीचे तिघे. मुलगी पॉलिटेक्निकला मेकॅनिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होती. वर्गात साठ मुलगे आणि मुली चार. भाऊंच्या मनात तिने ते सोडून कॉम्प्युटरचा कोर्स करावा असे घोळत होते. “काळे हात करून मुलीला कोण नोकरी देणार?” हे वाक्य पनवेल येईपर्यंत आम्ही दोनदा ऐकले. मुलगी खिडकीबाहेर बघत होती.

आजींचे मात्र एकच चालले होते. त्यांचे वडील १९२७ साली सतरा-अठरा वर्षांचे. पोलादपूरकडच्या आपल्या गावातून रात्रभर चालत ते महाडच्या परिषदेला आले होते. मार्चच्या त्या दिवशी रांगेत उभे राहून तळ्याचे पाणी प्यायले आणि नंतर डोक्यात काठीही खाल्ली. ती खूण मरेपर्यंत त्यांच्या कपाळावर होती. आजी लहानपणी त्या खुणेवरून बोट फिरवायच्या. लग्न होऊन मुंबईला आल्या आणि गिरणी, चाळ, पोरे, आजारपण यांत महाडला जाणे राहूनच गेले. मागच्या दिवाळीपासून त्यांना दम लागू लागला होता. तेव्हा यंदा नेलेच पाहिजे असे ठरले.

या महामार्गाच्या रुंदीकरणाला २०११ च्या सुमारास सुरुवात झाली. आम्ही गेलो तेव्हा, बारा वर्षांनंतरही, कोलाडपासून पुढे ठिकठिकाणी रस्ता उकरलेला होता. एका बाजूला लाल माती, दुसऱ्या बाजूला सिमेंटची पांढरी भुकटी. पुढच्या ट्रकच्या मागे असा लोट उठायचा की दिवसा दिवे लावावे लागत. कडेच्या आंब्यांची पाने पिठाच्या गिरणीतल्या कोळिष्टकांसारखी दिसत होती. रोज या रस्त्याने शाळेत जाणाऱ्या मुलांच्या छातीत किती धूळ जात असेल, याचा हिशेब कोणी ठेवत नाही.

नागोठण्याच्या पुढे सुकेळीची खिंड लागते. चढ काही फार मोठा नाही, पण तिथेच गाडी अडखळू लागली. भाऊंनी पाय दाबला तरी ती पुढे ओढेना. दुसऱ्या गियरवर रडत रडत वर आली. समोर इंजिनाचे चित्र असलेला पिवळा दिवा लागलेला. भाऊंचा चेहरा उतरला. हा दिवा महिन्यापूर्वीही लागला होता. तेव्हा मुंबईतल्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये गाडी दाखवली. तिथल्या साहेबाने बॉनेटमध्ये हातही न घालता, मशीन लावून सांगितले की हवेचा सेन्सर गेला, नवा टाकावा लागेल, मजुरीसकट साडेनऊ हजार. भाऊंनी हप्ता भरायचा की सेन्सर घ्यायचा या विचारात ते लांबवले होते. दिवा मध्येच आपोआप विझला, म्हणून सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला होता.

माणगाव कसेबसे ओलांडले. लोणेरे येण्याआधी रस्त्याच्या कडेला पत्र्याचे एक गॅरेज दिसले. बाहेर दोन रिक्षा, एक टेम्पो आणि पाण्याचा माठ. मिस्त्री पन्नाशी ओलांडलेले, कोकणी मुसलमान. आजींना बघून त्यांनी आधी खुर्ची आणून सावलीत ठेवली, मग गाडीकडे वळले. भाऊंनी सगळी हकीगत सांगितली. मिस्त्रींनी खिशातून बोटाएवढे एक यंत्र काढले, स्टिअरिंगखालच्या सॉकेटात बसवले आणि मोबाइलवर बघून म्हणाले, “पी-०१०१. हवा मोजणारा सेन्सर चुकीचं बोलतोय. मेलाय की नुसता मळलाय, ते उघडल्याशिवाय कसं कळणार?”

हे वाक्य आम्हांला फार आवडले. मोठ्या वर्कशॉपला जे सुचले नाही ते पत्र्याच्या शेडमध्ये ऐकायला मिळाले.

त्या सेन्सरचे काम काय, ते आमच्या वाचकांनाही कळावे. तुमच्या-आमच्यापैकी किती घरांतली मुले आज गाड्या चालवतात! इंजिनाला जळायला इंधन लागते, तशी हवाही लागते. बाहेरची हवा आधी एका प्लॅस्टिकच्या डब्यात येते. त्यात घडीच्या कागदाचा फिल्टर असतो, तो धूळ अडवतो. तिथून रबरी पाइपातून हवा पुढे जाते. आमच्या गाडीसारख्या डिझेल गाडीत टर्बोकडे. डबा आणि टर्बो यांच्या मधल्या नळीत हा सेन्सर बसवलेला असतो. त्यात केसासारखी बारीक तार किंवा पातळ पट्टी असते. विजेवर ती तापवून ठेवलेली असते. हवा वाहिली की ती गार होऊ लागते आणि तिला पुन्हा तेवढेच तापवायला जास्त वीज लागते. किती वीज लागली यावरून गाडीतला कॉम्प्युटर ओळखतो की किती हवा आत आली, आणि त्या मानाने डिझेल सोडतो. आता त्या तारेवर धूळ नि तेलकटपणा यांचा थर बसला, तर तिला वारा लागतच नाही. गोधडी पांघरून बसलेल्या माणसाला थंडी किती आहे ते कसे कळावे? कॉम्प्युटरला वाटते हवा कमी आली. धूर होऊ नये म्हणून तो डिझेल आखडतो आणि गाडी चढावर मरते.

हे सगळे आम्हांला मिस्त्रींनी अर्धे सांगितले आणि अर्धे भाऊंच्या मुलीने. ती इतका वेळ गप्प होती, ती एकदम पुढे येऊन म्हणाली, “हे आम्हांला शिकवलंय. हॉट वायर अ‍ॅनिमोमीटर. पण मी फक्त वहीत आकृती काढली होती, वस्तू कधी बघितली नाही.”

मिस्त्रींनी तिच्याकडे पाहिले, हातातला पान्हा तिच्यापुढे धरला आणि म्हणाले, “मग आता बघ की, बाय. तूच काढ. मी सांगतो.”

भाऊ काहीतरी बोलणार होते. वहिनींनी त्यांच्या दंडाला हात लावला.

पुढचा पाऊण तास आम्ही जे बघितले ते सविस्तर लिहितो, कारण ते फार अवघड नाही. आधी गाडीची चावी काढून घेतली. चावी चालू असली की ती तार तापलेली असते. इंजिन थोडे निवू दिले. मग बॅटरीचे वजा टर्मिनल दहा नंबरच्या पान्ह्याने सैल करून बाजूला केले. सेन्सरला आलेल्या तारांचे सॉकेट तिने ओढायला घेतले तर मिस्त्री ओरडले, “तारेला धरून नाही! खटका दाब, मग सॉकेट धरून ओढ.” खटका दाबल्यावर ते सहज निघाले. मग रबरी पाइपावरच्या गोल क्लिपचा स्क्रू ढिला केला आणि पाइप हलवत हलवत सोडवला. जुने रबर चिकटून बसलेले असते. ते हिसडले तर फाटते, म्हणून डावीउजवीकडे फिरवायचे. पाइप निघाल्याबरोबर मिस्त्रींनी धुतलेल्या फडक्याचा बोळा टर्बोकडच्या तोंडात बसवला. “यात एक स्क्रू पडला तर साडेनऊ हजारात भागायचं नाही,” ते म्हणाले. टर्बोची पाती प्रचंड वेगाने फिरतात. एवढासा खडाही त्यांचा चुरा करतो. निघालेला प्रत्येक स्क्रू स्टीलच्या वाटीत पडत होता आणि मुलगी तो मोजत होती.

फिल्टरच्या डब्याचे झाकण उघडायला गेलो तेव्हा खरे कारण सापडले. झाकणाच्या चार खटक्यांपैकी एक तुटलेला. त्या कोपऱ्यात बोटभर फट. आधी कुठेतरी फिल्टर बदलताना कोणीतरी तो मोडला असणार आणि तसाच लावून दिला असणार. त्या फटीतून कोकणची लाल माती थेट सेन्सरपर्यंत पोचत होती. डब्याच्या तळाशी मूठभर धूळ, दोन सुकलेले पतंग आणि झाडाचे एक पान. फिल्टर आपटला तर जमिनीवर मातीची रांगोळी पडली. नवा सेन्सर टाकला असता तर तोही पुढल्या शिमग्यापर्यंत असाच मळला असता. साडेनऊ हजार मोजून दुखणे तसेच राहिले असते.

सेन्सर दोन स्क्रूंनी बसवलेला होता. त्यांची खाच चांदणीसारखी, सहा टोकांची. साधा पेचकस चालत नाही. मिस्त्रींकडे त्या मापाचा होता. सेन्सर हलकेच बाहेर आला. आगपेटीपेक्षा थोडा मोठा काळा प्लॅस्टिकचा तुकडा, त्याच्या पोटात खिडकीसारखी फट आणि त्या फटीत ती पट्टी. तिच्यावर तपकिरी साय धरलेली. आमच्यातले एक काका पटकन म्हणाले, “कापसाने पुसून घ्या ना.” मिस्त्रींनी हात आडवा धरला. पट्टीला बोट, कापूस, कापड, ब्रश काही लावायचे नाही. मोडली की संपली. पंक्चरवाल्याच्या हवेचा झोतही मारायचा नाही. पेट्रोल, रॉकेल, कार्बोरेटर साफ करायचा स्प्रे यांपैकी काही वापरायचे नाही. त्यांचा अंश मागे राहतो किंवा प्लॅस्टिक खराब होते. या कामासाठी वेगळा स्प्रे मिळतो, जो उडून जातो आणि मागे काही ठेवत नाही. तो वीतभर अंतरावरून, थोडा थोडा, दहा-बारा वेळा मारला. खालून आधी चहासारखे पाणी गळाले, मग स्वच्छ. नंतर सेन्सर सावलीत टांगून ठेवला. पूर्ण वाळल्याशिवाय बसवायचा नाही, कारण ओल्या पट्टीला वीज मिळाली तर ती जळू शकते.

एक गोष्ट सांगायला हवी. सगळ्याच गाड्यांत हा सेन्सर नसतो. पुष्कळ लहान पेट्रोल गाड्यांत हवेचे वजन मोजण्याऐवजी इंजिनाच्या तोंडाशी असलेला दाब मोजणारा सेन्सर असतो. तेव्हा आमचे वाचून कोणी उगाच पाइप उपटत बसू नये. आपल्या गाडीत काय आहे ते आधी विचारावे.

सेन्सर वाळेपर्यंत मिस्त्रींचा पोरगा मोटारसायकलवरून नवा फिल्टर आणायला महाडला गेला. आम्ही माठातले पाणी प्यायलो, वहिनींनी भाकरी आणि सुकटाची चटणी सोडली. मिस्त्रींनाही दिली. त्यांनी हात धुऊन आनंदाने घेतली. आजींनी विचारले, “दासगाव किती लांब?” जवळच, पुढे लोणेऱ्यानंतर, असे कळल्यावर त्या म्हणाल्या, “बाबासाहेब तिथंच उतरले होते, बोटीतून. बाबा सांगायचे.”

आजींचे बोलणे इतिहासाला धरून आहे. डिसेंबर १९२७ च्या परिषदेला बाबासाहेब मुंबईहून ‘पद्मावती’ बोटीने प्रतिनिधींसह निघाले. नेहमीची वाट धरमतरला उतरून मोटारने महाड गाठण्याची. पण मोटारवाल्यांनी आपल्या लोकांना बसवून घेतले नाही तर काय, ही शंका होती. म्हणून लांबचा पल्ला घेऊन बोट दासगावला नेली. तिथून महाड पाचएक मैल, गरज पडली तर चालत गाठता येईल. २५ डिसेंबरला दुपारी ते दासगावला उतरले आणि त्याच रात्री महाडला मनुस्मृतीचे दहन झाले. परिषदेच्या मंडपाला जागा द्यायला कोणी तयार नसताना फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी आपली जागा दिली होती. हे आम्ही मिस्त्रींना सांगितले. त्यांनी चटणी पुसत मान हलवली. “आमच्या वडिलांना ठाऊक होतं,” एवढेच म्हणाले.

वाहनाचा आणि आपल्या समाजाचा संबंध हा असा जुना आहे. १९०१ साली बाबासाहेब लहान असताना भावंडांसह मसूर स्टेशनवर उतरले. वडील गोरेगावला नोकरीस होते. जात कळल्यावर एकही गाडीवान न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे घेऊन एकजण कबूल झाला, तोही या अटीवर की मुलांनी गाडी हाकायची आणि तो बाजूने चालणार. पुढे १९२९ मध्ये चाळीसगावला टांगेवाल्यांनी नकार दिला, म्हणून वस्तीतल्याच एका माणसाने टांगा हाकायला घेतला. त्याला ते काम येत नव्हते, टांगा उलटला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आपल्या लेखनात त्यांनी स्वतः हे नोंदवून ठेवले आहे. हाकण्याचे काम कधी हातात येऊच दिले नव्हते, मग ते येणार कुठून? आज आपली मुले ड्रायव्हर आहेत, गाड्यांचे मालकही आहेत. पण बॉनेट उघडले की अजून दुसऱ्याच्या तोंडाकडे बघावे लागते आणि तो म्हणेल तो आकडा मोजावा लागतो. गॅरेजपासून हाकेच्या अंतरावर लोणेऱ्याला बाबासाहेबांच्या नावाचे तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे, १९८९ साली स्थापन झालेले. बोर्ड बघून भाऊ बराच वेळ काही बोलले नाहीत.

फिल्टर आला. मिस्त्रींनी भंगारातल्या एका डब्याचा खटका काढून आमच्या झाकणाला बसवला. चारही बाजू घट्ट झाल्या. डबा ओल्या फडक्याने पुसून कोरडा केला. सेन्सर बसवताना त्याच्यावरचा बाण हवा ज्या दिशेने जाते तिकडे आहे ना, हे मुलीनेच आधी बघितले. रबरी रिंग जागेवर बसवली. स्क्रू हाताने सुरू केले, मग पेचकसाने, पण जोर न लावता. प्लॅस्टिकातले आटे पिळले जातात. फडक्याचा बोळा काढल्याची खात्री मिस्त्रींनी दोनदा केली. पाइपाची क्लिप मात्र चांगली आवळली. सेन्सरच्या पुढे कुठे फट राहिली तर न मोजलेली हवा आत शिरते आणि सगळी मेहनत फुकट जाते. वाटीत एकही स्क्रू उरला नाही. बॅटरी जोडली. मोबाइलवरून जुना कोड पुसला आणि गाडी सुरू केली.

पिवळा दिवा लागला नाही. हवेचा जो आकडा आधी मान टाकून पडला होता तो वर आला आणि पाय दाबला की लगेच धावू लागला. मिस्त्रींनी फिल्टर, स्प्रे आणि मजुरी धरून साडेआठशे रुपये घेतले. मजुरीतले पन्नास त्यांनी मुलीच्या हातावर ठेवले. तिने नको म्हटले तर म्हणाले, “काम केलंस ना? मग घ्यायचं.”

महाड येण्याआधी डाव्या हाताला डोंगरात गांधारपालेची लेणी दिसतात. तीसच्या आसपास लेणी आहेत, सुमारे अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वीची. भिक्खूंच्या राहण्याच्या खोल्या, चैत्य, कड्यात खोदलेली पाण्याची टाकी. विष्णुपालित नावाच्या एका कुमाराच्या दानाचा शिलालेख तिथे आहे. वरून गांधारी आणि सावित्री यांचे खोरे हिरवेगार दिसते. ज्या गावात पाण्यासाठी डोकी फुटली त्याच गावाच्या माथ्यावर, कितीतरी शतके आधी, पाणी मिळावे म्हणून खडक फोडून टाकी खोदली होती. आजी आणि वहिनी खालीच बसल्या. पायऱ्या बऱ्याच आहेत. पाणी सोबत न्यावे आणि दुपारी चढू नये.

चवदार तळ्यावर पोचायला चार वाजले. ऊन उतरले होते. तळे सार्वजनिक ठराव होऊनही बंद राहिले होते, हा इतिहास मुलांना सांगावा. मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव १९२३ मध्ये मंजूर झाला, महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे खुले केले, पण कागदावरच. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी ओंजळ भरली तेव्हा ते खरे खुले झाले. त्यानंतर शेणा-गोमुत्राच्या १०८ घागरी ओतून त्याची शुद्धी करण्यात आली. नगरपालिकेने ठराव फिरवला, खटला दहा वर्षे चालला, आणि १९३७ च्या मार्चमध्ये उच्च न्यायालयाने आपल्या बाजूने निकाल दिला.

आजी काठी टेकत काठाशी गेल्या. बाबासाहेबांच्या पुतळ्याला हात जोडले. त्रिशरण म्हणताना त्यांचा दम लागत होता, म्हणून मध्ये थांबून थांबून म्हटले. आम्हीही त्यांच्याबरोबर थांबलो. मग भाऊंच्या मुलीला धरून त्या पायऱ्या उतरल्या आणि पाण्यात हात बुडवला. मुलीची नखे अजून काळीच होती. आजींनी तोच ओला हात तिच्या बोटांवर फिरवला आणि विचारले, “निघत नाही का गं हे?”

“निघेल हळूहळू,” मुलगी म्हणाली. “रॉकेलने निघतं.”

क्रांतिस्तंभाला वंदन करून आम्ही अंधार पडायच्या आत परत फिरलो. सुकेळीची खिंड भाऊंनी चौथ्या गियरवर चढली. मार्गात कोणी काही बोलले नाही, फक्त वडखळला चहा घेताना भाऊंनी मुलीला विचारले, “तो चांदणीसारखा पेचकस कुठं मिळतो?” पुढच्या रविवारी चाळीच्या आवारात दोन ड्रायव्हर आपापल्या गाड्या घेऊन आले होते. एकीचा नुसता फिल्टर तुंबला होता. दुसरीचे रबरी पाइप तिने सोडवले, तर भाऊ शेजारी स्टीलची वाटी धरून उभे होते.